नियमित रक्तदान आणि गावची शाळा

हजेरीपट हा शिक्षकाचा नित्याचा सोबती होय. त्याकडे बारकाईने पाहिले असता गावच्या जीवनातील पुष्कळ गोष्टी कळून येतात. पेरणीच्या दिवसांत कोणाची मुले रानात जातात, बाजाराच्या दिवशी कोण घरी राहते, ऊसतोडीसाठी कोणती कुटुंबे बाहेर पडली, हे सारे त्या चौकोनांतून वाचता येते. क्वचित एखाद्या शाळेत असाही विद्यार्थी असतो की, ज्याच्या नावापुढे दर तीन आठवड्यांनी एक-दोन दिवसांची गैरहजेरी पडते. त्या गैरहजेरीच्या आधीचे काही दिवस ते मूल मलूल दिसते. पाढे पाठ असूनही म्हणताना त्याला धाप लागते. मधल्या सुटीत खेळावयास न जाता ते भिंतीला टेकून बसते. दोन दिवसांनी परत येते ते मात्र टवटवीत होऊन.

असे मूल थॅलेसेमिया या विकाराने पीडित असण्याचा संभव असतो. गैरहजेरीच्या त्या दिवसांत त्याला रुग्णालयात नेऊन रक्त चढविलेले असते. पुढील तीन आठवडे ते धावते, वाचते, हसते ते कोणा अनोळखी माणसाने दिलेल्या रक्ताच्या बळावर. तीन आठवडे सरले की, पुन्हा रक्त हवे. हा क्रम त्याच्या बाल्यापासून आयुष्यभर चालू राहतो. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाने काहींची यातून सुटका होते. परंतु तो उपचार फार थोड्यांच्या वाट्यास येतो.

थॅलेसेमियात शरीराला पुरेसे हिमोग्लोबिन तयार करता येत नाही. आई व वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारात एक इतका असतो. भारतात दरवर्षी अशी सुमारे दहा हजार मुले जन्मास येतात, असा अंदाज आहे. यांतील एकाच मुलाचा हिशेब मांडून पाहावा. दर तीन आठवड्यांनी एक पिशवी रक्त लागते असे धरले, तर वर्षाकाठी १७ पिशव्या होतात. एका दात्याने वर्षातून दोन वेळा रक्त दिले, तर एका मुलासाठी नऊ दाते लागतात. हे नऊही दाते एकाच दिवशी येऊन चालत नाही. त्यांनी वर्षभर पाळीपाळीने यावे लागते. रक्तदानासंबंधी जे सांगावयाचे, त्याचे सार या हिशेबात आहे. रक्ताची गरज रोजची आहे, म्हणून रक्तदानही नियमित हवे.

रक्त कोणास लागते

रक्ताची गरज अपघातात पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. खेड्याच्या दृष्टीने पाहता पहिला विचार बाळंतिणीचा करावा लागतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे आपल्या देशातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. त्यात आपल्याकडील स्त्रियांच्या अंगी मुळातच रक्त कमी असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिच्या अंगी रक्त पुरेसे आहे ती स्त्री जो स्राव सोसू शकते, तोच स्राव रक्तक्षयी स्त्रीच्या जिवावर बेततो. अशा वेळी रक्त शोधण्यास अवधी नसतो. ते रुग्णालयाच्या शीतपेटीत आधीच असावे लागते.

सिकल सेल हा दुसरा आनुवंशिक विकार नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया इत्यादी जिल्ह्यांत विशेष आढळतो. त्याच्या रुग्णांनाही वेळोवेळी रक्त द्यावे लागते. त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे. याखेरीज कर्करोगाचे रुग्ण, मोठ्या शस्त्रक्रिया, भाजलेले रुग्ण, डेंग्यूचे काही रुग्ण या सर्वांना रक्त किंवा रक्तातील एखादा घटक लागतो. यांपैकी कोणाचीही गरज सण, जयंती किंवा शिबिराची तारीख पाहून येत नाही.

रक्त साठवून का ठेवता येत नाही

रक्त कारखान्यात तयार करता येत नाही. ते माणसाकडूनच मिळते. ही विद्या मनुष्याला सहजी साधलेली नाही. लंडन येथील प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल याने १८१८ मध्ये एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात घालण्याचा प्रयोग केला. प्रसूतीनंतर रक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रिया पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. परंतु असे रक्त काहींना मानवे, तर काही त्यानेच दगावत. याचे कारण व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर याने शोधून काढले. १९०० व १९०१ या वर्षांत त्याने रक्ताचे निरनिराळे गट असतात, हे दाखवून दिले. या शोधासाठी त्याला १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १४ जून हा त्याचा जन्मदिवस जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

दुसरी अडचण गोठण्याची होती. १९१४ मध्ये सोडियम सायट्रेट मिसळून रक्त पातळ ठेवण्याची युक्ती सापडली. त्यानंतरच ते बाटलीत भरून ठेवणे शक्य झाले. १९३७ मध्ये शिकागो येथील डॉ. बर्नार्ड फँटस याने अशा साठ्यास ‘ब्लड बँक’ असे नाव दिले, आणि मराठीत त्याची ‘रक्तपेढी’ झाली. २०२० पासून नियमांत तिला ‘रक्त केंद्र’ म्हटले जाते.

पेढी हा शब्द मात्र थोडी दिशाभूल करणारा आहे. पेढीत ठेवलेले द्रव्य वर्षानुवर्षे राहते. रक्त राहत नाही. नेहमीच्या द्रावणातील रक्त २ ते ६ अंश सेल्सियस तपमानात ३५ दिवस टिकते. काही विशेष द्रावणांत तांबड्या पेशी ४२ दिवसांपर्यंत टिकतात. रक्त थांबविण्यास साह्य करणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, केवळ पाच दिवस टिकतात. गोठवून ठेवलेला रक्तद्रव तेवढा वर्षभर ठेवता येतो. हे घटक वेगळे करता येत असल्याने एका पिशवीचा उपयोग तीन रुग्णांपर्यंत होऊ शकतो. परंतु मुदत संपली की तिचा नाशच करावा लागतो. खेड्यातील भाषेत सांगावयाचे तर रक्त हे कणगीतल्या धान्यासारखे नाही. ते दुधासारखे आहे. सुगीला एकदा भरले आणि वर्षभर पुरले, असे त्यात घडत नाही.

सुगी आणि टंचाई

आपल्याकडे रक्तदानाची इच्छा कमी आहे, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात गावोगाव शिबिरे होतात व तरुण मंडळी उत्साहाने रक्त देतात. उणीव आहे ती वेळेच्या वाटणीची. बहुसंख्य शिबिरे राष्ट्रीय सण, जयंत्या, गणेशोत्सव आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांभोवती गोळा झालेली असतात. त्या आठवड्यात रक्तपेढीत जागा पुरत नाही आणि नंतर पेट्या रिकाम्या पडतात.

हे तारखांनीच तपासून पाहावे. १५ ऑगस्टला घेतलेले रक्त ३५ दिवसांच्या हिशेबाने १९ सप्टेंबरला संपते. २६ जानेवारीचे रक्त २ मार्चपर्यंत आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीचे रक्त मार्चअखेरपर्यंत चालते. पुढे महाविद्यालयांच्या परीक्षा येतात, मग सुट्या लागतात, ऊन तापते, लग्नसराई सुरू होते. नेहमीचे दाते गावाबाहेर असतात. म्हणून एप्रिल, मे आणि जूनचा आरंभ हा काळ बहुतेक रक्तपेढ्यांना कठीण जातो. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन नेमका याच काळात येतो. शाळेला उन्हाळ्याची सुटी असते. त्या मुलाच्या आजाराला मात्र ती नसते.

अशा टंचाईत रुग्णाच्या नातेवाइकांस ‘बदली दाता आणा’ असे सांगण्याची पाळी येते. शहरात ओळखी असलेला मनुष्य कसाबसा चार दाते उभे करतो. वस्तीवरून आलेल्या, मजुरी बुडवून रुग्णाच्या उशाशी बसलेल्या बापाने ते कोठून आणावेत? नियमित रक्तदानाचा खरा लाभ अशा निराधार माणसास होतो. ज्याला कोणाकडे मागता येत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी आधीच देऊन ठेवलेले असते.

नियमित दात्याचे रक्त अधिक सुरक्षित

पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारे लोक असत. दारिद्र्यापायी ते आपले आजार लपवीत व वरचेवर रक्त देत. त्यामुळे त्यांचीही हानी होई आणि रुग्णासही धोका पोचे. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयी महत्त्वाचा निर्णय दिला आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तविक्रीस देशात पूर्ण बंदी झाली. २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणाने स्वेच्छा रक्तदान हाच पाया मानला. आज रक्तपेढी जे शुल्क घेते ते तपासणी व साठवणीचे असते. रक्ताची किंमत नसते. थॅलेसेमिया, सिकल सेल व हिमोफिलिया यांच्या रुग्णांना रक्त विनामूल्य द्यावयाचे असते. या मुलांच्या पालकांस ही गोष्ट माहीत नसेल, तर शिक्षकाने ती अवश्य सांगावी.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी होते. तथापि संसर्ग झाल्यानंतर आरंभीचे काही दिवस तो तपासणीत सापडत नाही. म्हणून दाता आपण होऊन खरी माहिती देणारा असणे अगत्याचे आहे. जो वर्षानुवर्षे नियमाने रक्त देतो, त्याची तपासणी वारंवार झालेली असते. त्याला काही लपविण्याचे कारण नसते. आणि आज देण्यासारखी प्रकृती नसेल, तर तो संकोच न करता पुढच्या पाळीस येतो.

नियमित दात्यांचा दुसरा उपयोग दुर्मिळ गटांच्या बाबतीत दिसतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत एक अत्यंत विरळ गट शोधून काढला. तो जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ सारखा भासतो; परंतु अशा व्यक्तीस ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही, त्याच गटाचे लागते. असे दाते ऐन वेळी शोधून सापडत नाहीत. ज्यांची नोंद आधीपासून आहे, तेच उपयोगी पडतात.

कोणी द्यावे, कोणी थांबावे

१८ ते ६५ वर्षे वयाची निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते; प्रथमच देणाराचे वय ६० च्या आत असावे. वजन किमान ४५ किलो व हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. पुरुषाने दोन दानांत ९० दिवसांचे आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवावे. गर्भवती स्त्रीने रक्त देऊ नये, तसेच प्रसूतीनंतर वर्षभर आणि अंगावर पाजत असेतो देऊ नये. हिवताप झालेल्याने बरे झाल्यावर तीन महिने थांबावे. जत्रेत अंगावर गोंदवून घेतलेल्याने वर्षभर थांबावे. उपाशीपोटी किंवा मद्य घेऊन रक्तदान करू नये. श्रावण, नवरात्र, रमजान या उपवासांच्या काळात दात्यांना याची आठवण करून द्यावी.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणतः चार ते पाच लिटर रक्त असते. त्यातून बहुधा ३५० मिलिलिटर घेतात. प्रत्यक्ष रक्त काढण्यास पाच-दहा मिनिटे लागतात. त्यातील पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी भरून येण्यास काही आठवडे लागतात आणि दोन दानांतील अंतर त्यासाठीच ठेवलेले असते. त्या दिवशी पाणी भरपूर प्यावे आणि नांगर, मोट्या उचलणे, विहिरीचे खोदकाम अशी जड कामे टाळावीत. रक्त दिल्याने कायमची अशक्तता येते किंवा पौरुष कमी होते, हा समज निराधार आहे. तांबड्या पेशीचे आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे असते. रक्त दिले न दिले तरी जुन्या पेशी जातात व नव्या येतात.

हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परत गेलेल्या स्त्रियांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांना उणे लेखू नये. ती तपासणी हाच त्यांना झालेला लाभ समजावा आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्यांसाठी पाठवावे.

शाळेने काय करावे

प्राथमिक शाळेतील मुले रक्तदाते नव्हेत. परंतु मुलांचा शब्द घरी ऐकला जातो, आणि गावाला एकत्र येण्यासाठी शाळेसारखी दुसरी जागा नाही. शिक्षकांनी पुढील मार्गाने आरंभ करावा.

पहिले कार्य यादीचे. आशा सेविका, ग्रामपंचायत आणि तरुण मंडळ यांच्या साह्याने स्वेच्छेने तयार असलेल्यांची नावे लिहून घ्यावीत. रक्तगट व शेवटच्या रक्तदानाची तारीख एवढीच नोंद पुरे. कोणाच्या आजाराची माहिती विचारू नये. तो प्रश्न शिबिरातील डॉक्टरांचा आहे.

दुसरे कार्य वाटणीचे. एकट्या गावासाठी वारंवार शिबिर घेणे रक्तपेढीस परवडत नाही. म्हणून केंद्र हा घटक धरावा. केंद्रातील दहा गावांतून प्रत्येकी १२ दाते मिळाले, तर १२० होतात. हे सर्व १५ ऑगस्टला एकत्र आले, तर १२० पिशव्या एकदाच मिळतील आणि महिन्याभराने काहीच उरणार नाही. त्याऐवजी ४० जणांचे तीन गट करावेत. पहिल्याने जानेवारी व जुलै, दुसऱ्याने मार्च व सप्टेंबर, तिसऱ्याने मे व नोव्हेंबर या महिन्यांत रक्त द्यावे. प्रत्येकास सहा महिन्यांचे अंतर मिळते आणि वर्षाच्या २४० पिशव्या होतात. शेजारच्या केंद्राने फेब्रुवारीपासून असाच एकाआड एक महिना धरला, म्हणजे दोन्ही केंद्रे मिळून वर्षातील एकही महिना रिकामा राहत नाही. काही दाते त्या दिवशी अपात्र ठरतात, म्हणून यादीत थोडी नावे अधिक असावीत. ऊसतोडीस जाणाऱ्या गावांतील लोकांना ते गावी असतील अशाच महिन्यांचा गट द्यावा.

शिबिर परवानाप्राप्त रक्तपेढीमार्फतच घ्यावे. जिल्हा रुग्णालयातील रक्तपेढीशी आधी तारीख ठरवावी. शिबिर रविवारी ठेवावे, म्हणजे अध्यापनात खंड पडणार नाही. हवेशीर खोली, पिण्याचे पाणी आणि विश्रांतीसाठी सतरंज्या एवढी सोय शाळेत सहज होते. भेटवस्तूंचे आमिष दाखवू नये; कोणावर भीड घालू नये. शिक्षकानेही स्वतःची प्रकृती योग्य असेल तरच द्यावे. मात्र योग्य असूनही तो स्वतः मागे राहिला, तर त्याचा उपदेश गावाला पटणार नाही.

तिसरे कार्य वर्गातील. वरच्या इयत्तांत तारखांची उदाहरणे घालताना ‘१ मे रोजी घेतलेले रक्त ३५ दिवसांनी कोणत्या तारखेस संपेल?’ असा प्रश्न घालावा. मुले ५ जून हे उत्तर काढतील आणि घरी जाऊन सांगतीलही. १ ऑक्टोबर हा १९७५ पासून राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी परिपाठात पाच मिनिटे याविषयी बोलावे.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी. वर्गात थॅलेसेमियाचे किंवा सिकल सेलचे मूल असेल, तर त्याला उभे करून उदाहरण म्हणून दाखवू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या दोन्ही विकारांचा समावेश आहे. त्यानुसार मिळणाऱ्या सवलती त्याच्या पालकांस समजावून द्याव्यात. बुडालेला अभ्यास निराळा वेळ देऊन भरून काढावा. बाकी ते मूल इतरांसारखेच आहे.

पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या गावातील दहा-बारा इच्छुकांची यादी बरोबर आणली, तर पहिल्या तीन गटांची वाटणी त्याच बैठकीत करता येईल. आरंभ मे महिन्याच्या गटापासून करावा. कारण टंचाई तेव्हाच अधिक असते. दर तीन आठवड्यांनी गैरहजर राहणारे मूल दोन दिवसांनी पुन्हा वर्गात येऊन ‘हजर’ म्हणावे, यासाठी एवढी व्यवस्था गावोगाव उभी राहणे आवश्यक आहे.